कोंडाईचं नाव

“श्वास रोखून धर गं, तुझाच ऐकू येतोय,” कोंडाई म्हणाली आणि तिनं ठकूच्या उघड्या पोटावर पुन्हा कान टेकला.

मी श्वास रोखला. ठकू निपचित पडून वरच्या फांद्यांकडे बघत होती. तीन वर्षांची पोर, पण वजन सहा महिन्यांच्या लेकराएवढं. हातापायांच्या काड्या आणि पोट तेवढं पुढे. मुडदूस म्हणतात त्याला. लेकरू खातं, पण अंगी काही लागत नाही, आणि एक दिवस खाणंही सोडतं. ठकूनं ते चार दिवसांपूर्वी सोडलं होतं. तिच्या आधीची माझी दोन याच वाटेनं गेली होती, त्यामुळे पुढे काय होतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

साताऱ्याला थोरले शाहू महाराज होते, तेव्हाची ही गोष्ट. आमचं रानवडी गाव जावळीच्या डोंगरात, आणि आम्ही तिथल्या जननीदेवीचे गुरव. आजूबाजूच्या खोऱ्यातून लोक लेकरं घेऊन आमच्या दारी अंगाऱ्याला यायची, आणि आमच्याच घरातलं लेकरू वाळत चाललेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. ठकूला मी इतका अंगारा लावला की तिच्या कपाळाची कातडी खरखरीत झाली. शेवटी पाण्यावर भेटलेल्या एका बाईनं हळूच वरच्या पठाराकडे बोट केलं आणि लगेच दुसऱ्या कशाबद्दल बोलायला लागली.

पठारावर गवळी-धनगरांची वस्ती होती. कोंडाई त्यांच्यातली, पन्नाशीची विधवा. अंगाला धुराचा आणि लोण्याचा वास, खांद्यावर काळी घोंगडी. गुरवाच्या सुनेनं धनगरणीकडे औषधाला जायचं म्हणजे आमची देवी झोपली आहे असं चारचौघांत सांगण्यासारखं होतं. म्हणून तिनंच जागा ठरवली, देवराईच्या पलीकडचा झरा, आणि वेळही तिनंच ठरवली, मंगळवारची भर दुपार. सुगीचे दिवस, गाव सगळं खळ्यांवर. मी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, लाकडं आणायला जाते असं सांगून निघाले होते. आजारी लेकरू पाठीशी बांधून कोणी लाकडं आणायला जात नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नसेल असं मी खुशाल धरून चालले होते.

कोंडाईनं माझ्याकडे पाठ करून दगडावर कसलीशी मुळी उगाळली. “कशाची गं?” मी विचारलं.

“रानातली,” ती म्हणाली. “रानात कायबी असतं.”

तिनं ते शेळीच्या दुधात कालवून ठकूच्या जिभेवर बोटानं लावलं. ठकूनं तोंड वेडंवाकडं केलं. “रागावती व्हय? मग जगंल,” कोंडाई म्हणाली आणि हसली. गावातून देवळाच्या घंटेचा आवाज आला. माझा नवरा देवीला दुपारचा नैवेद्य दाखवत होता. त्या घंटेपासून उन्हं कलेपर्यंत आम्ही दोघी तिथंच होतो. दर थोड्या वेळानं बोटभर औषध, आणि मधल्या वेळात ती पोरीचं पोट तेलानं चोळत होती. हे मी मुद्दाम सांगते आहे.

निघताना तिनं काळा दोरा काढून ठकूच्या करदोट्यात असा गुंतवला की बघणाऱ्याला तो करदोट्याचाच वाटावा. मुळीचा तुकडा माझ्या हातात दिला.

“एकवीस दिस. रोज सकाळी निरशा दुधातनं एवढंच. आन तोंड बंद. मला भेटलीस, मी हात लावला, माझं नाव, कायबी तोंडातनं काढायचं न्हाई. नवऱ्याम्होरं न्हाई, देवाम्होरं न्हाई. दोरा आपसूक तुटून पडला, की मग खुशाल दवंडी पिट.”

“आन चुकून बोलले तर?”

तिनं घोंगडी खांद्यावर ओढली. “तर औषध आल्या वाटंनं माघारी जाईल. येताना एकलं आलंय. जाताना एकलं जायचं न्हाई.”

मी पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि मान हलवली.

उतरताना मोळीपुरती लाकडं गोळा केली. गावाच्या शिवेवर आले तेव्हा पाटलांच्या खळ्याकडून रडण्याचा आवाज आला. रडण्याचे आवाज मला नवे नव्हते, पण हा एका बाईचा नव्हता. हैबतराव पाटलांचा एकुलता एक मुलगा, पाच वर्षांचा बाळाजी, खळ्यात खेळता खेळता कोसळला होता. आकडी आली, तोंडाला फेस आला आणि कुणी पाणी आणायच्या आत पोर गेलं.

“कवा?” मी विचारलं.

“दुपारीच की. देवळात घाट वाजली न्हवं का, तवा,” कुणीतरी म्हणालं.

माझ्या पाठीवर ठकू कुरकुरली. तिला भूक लागली होती. चार दिवसांनंतर माझ्या पोरीला भूक लागली होती, आणि मला ती तिथं, त्या रडारडीत, गप्प करावी लागली.

पुढचे आठ दिवस मी चोरासारखी आनंदात होते. ठकू दूध प्यायली. मग पेज. मग एके सकाळी तिनं आत्याबाईंच्या ताटातला भाकरीचा तुकडा उचलला आणि आत्याबाई काही बोलल्या नाहीत, एवढंच नव्हे तर त्यांनी तुकड्यावर दूध ओतलं. आत्याबाई म्हणजे जिभेला हाड नसलेली बाई. ठकू झाली तेव्हा “आली धोंड” म्हणाल्या होत्या. त्या आता पोरीला रोज स्वतः न्हाऊ घालू लागल्या. मला वाटलं, देवीनं अंगारा मनावर घेतला असं त्यांना वाटत असणार.

गावात मात्र वेगळंच शिजत होतं. पाटलांचं पोर नुसतं गेलं, असं म्हणून पाटलांचं समाधान होणार नव्हतं. मोठ्या माणसाच्या घरी मरण आलं की त्याला धाडणारा कोणीतरी लागतो. पाटलांनी गेल्या पावसाळ्यानंतर धनगरांची गुरं माळावरून हुसकावली होती, आणि तेव्हा कोंडाई भर रस्त्यात म्हणाली होती, “मुक्या जनावराचा तळतळाट बरा न्हवं पाटील.” एवढं सगळ्यांना आठवलं. मग पाटलांचा गडी गोंद्या म्हणाला, की त्या दुपारी घंटा वाजत असताना खळ्याच्या कडेला काळी घोंगडी घेतलेली बाई त्यानं पाहिली होती. आधी तो ‘बाई’ म्हणाला. दोन दिवसांनी ‘धनगरीण’ म्हणाला. आठव्या दिवशी ‘कोंडाई’ म्हणाला. नवव्या दिवशी पाटलांची माणसं पठारावर गेली आणि तिला दोरीनं बांधून खाली घेऊन आली.

दहाव्या दिवशी देवीच्या अंगणात गोतसभा भरली. फिर्याद खुद्द पाटलांची, म्हणून निवाड्याला देशमुखांकडून एक कारकून आले होते, वयस्कर, बारीक आवाजाचे. पुरुष मंडपात बसले. आम्ही बायका मागं, दीपमाळेच्या कडेनं. ठकू माझ्या मांडीवर होती. करदोट्याचा दोरा मला पातळाच्या आतून हाताला लागत होता.

गोंद्यानं आपलं सांगितलं. कारकुनांनी कोंडाईला विचारलं, “मंगळवारी मध्यान्ही, घंटेच्या वेळी, तू कुठं होतीस?”

“रानात.”

“रानात कुठं?”

“झऱ्यावर. उनं कलंपातूर.”

“सोबत कोण होतं?”

कोंडाईनं मान वळवली आणि आम्हा बायकांकडे बघितलं. पुढून मागपर्यंत, एकेक करून. माझ्यावर तिची नजर आली आणि थोडी थांबली, असं मला वाटलं.

“ज्याला ठावं हाय त्यानं सांगावं,” ती म्हणाली. “मी कुनाचं नाव घेनार न्हाई.”

मी तिच्या शब्दांचा अर्थ माझ्यापरीनं लावला. ती मला खुणावते आहे, मी मनात म्हटलं. ती स्वतः शपथ पाळते आहे आणि मलाही पाळायला सांगते आहे. नवऱ्याम्होरं न्हाई, देवाम्होरं न्हाई. आणि देवी तर समोरच होती.

कारकून उभे राहिले. “साक्ष असेल तर साक्षीवर निवाडा होतो. साक्ष नसेल, तर दिव्य करावं लागतं. ही बाई मंगळवारी झऱ्यावर होती, असं सांगणारं कोणी आहे?”

मंडपातले पुरुष माना वळवून एकमेकांकडे बघू लागले.

“दुसऱ्यांदा विचारतो. आहे कोणी?”

ठकूनं माझ्या गळ्यातल्या पोतीशी खेळत “आये, भूक” असं म्हटलं. मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

“तिसऱ्यांदा विचारतो.”

कोंडाई अजून आमच्याकडेच बघत होती. मग तिनं खाली बघितलं. कारकुनांनी लिहून घेतलं, की साक्ष नाही, सबब रवादिव्य करावं.

रवादिव्य ज्यांनी पाहिलं नाही त्यांना थोडक्यात सांगते. उकळत्या तेलात लोखंडाचा तुकडा टाकतात, त्याला रवा म्हणायचं. तो नुसत्या हातानं बाहेर काढायचा. मग हात पिशवीत घालून पिशवीच्या तोंडाला लाखेचा शिक्का करतात आणि तिसऱ्या दिवशी उघडून बघतात. हात कोरा निघाला तर माणूस खरा, भाजलेला निघाला तर खोटा. आता हे सांगताना मलाच हसू येतं, पण तेव्हा येत नव्हतं. तेव्हा मला खरंच वाटत होतं, की कोंडाई निर्दोष आहे, देवीला ते ठाऊक आहे, आणि तेल तिला पाण्यासारखं लागेल. मी न बोलूनही सगळं ठीक होईल. माणसाला सोयीची असली की श्रद्धा फार पटकन बसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कढई चढली. तेल आमच्याच घरातून गेलं. नंदादीपाचा बुधला मीच उचलून अंगणात नेला. कोंडाईची नखं काढली, हात धुतले, आरोपाचा कागद कपाळाला बांधला. ती पुढे झाली, हात घातला, रवा काढून दगडावर टाकला. ओरडली नाही. फक्त तिच्या घशातून एक आवाज आला, आणि माझ्याशेजारी बसलेल्या सुताराच्या सुनेनं स्वतःचाच हात दाताखाली धरला.

तिला आमच्या देवळाच्या ओवरीत ठेवलं. दिव्य केलेल्या माणसाला देवळातलं अन्न द्यायचं, असा रिवाज होता. म्हणून बाराव्या दिवशी सकाळी मी भाकरी आणि ताक घेऊन गेले. राखणीचा रामोशी पायरीवर पाठमोरा चिलीम ओढत बसला होता.

कोंडाई भिंतीला टेकून बसली होती. हात पिशवीसकट मांडीवर. मी वाकले तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, “पोर दूध पिती का?”

मला रडू फुटलं. “पिती. काल भाकर मागून खाल्ली.”

“पोट?”

“उतरलंय.”

“बरं झालं.” तिनं डोळे मिटले. मग उघडले. “एक इचारू? तवा बोलली का न्हाईस गं?”

मला वाटलं ती माझी परीक्षा बघते आहे. “तूच म्हनलीस न्हवं का, देवाम्होरंबी बोलायचं न्हाई. आन सभंत तू कुनाचं नाव घेतलं न्हाईस. मी म्हनलं, मला खुनावतीस, गप ऱ्हा म्हनून. औषध माघारी फिरंल म्हनून.”

तिचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडते आहे. ती हसत होती, आवाज न करता.

“अगं बये,” ती म्हणाली, “पोटात गेलेलं औषध कुठं माघारी फिरतंय? ते काय चुकलेलं वासरू हाय?”

“मग शपथ कशाला घातलीस?”

“माझ्या आयनं घालून दिली. धा लेकरं बरी हुत्यात, एक जातं. धा बायका गप असत्यात, आन एकीची मानसं दगड घिऊन येत्यात. म्हनून आय म्हनली, आदीच सगळ्यांची तोंडं बांध. कुनाला ठावंच नसंल तर दगड कुनावर मारनार? ते तोंड बांधनं माझ्या जिवासाठी व्हतं गं. तुझ्या पोरीचा त्यात काय संबंद न्हाई.”

मी ताकाचा गडगा तिच्यापुढे खाली ठेवला.

“तुझं नाव मी घिऊन काय उपेग?” ती म्हणाली. “चेटकिनीच्या तोंडचं कोन खरं मानंल? साक्ष तुझ्या तोंडनं याया पायजे व्हती. मी तुजी वाट बघत व्हते.”

“मी आता सांगते,” मी म्हणाले. “आत्ता जाऊन सांगते.”

“सांग. पन उद्या पिशवी सोडायच्या आदी सांग. सोडल्यावर काय उपेग न्हाई.” तिनं पिशवीकडे हनुवटी केली. “तेल तेलासारखंच भाजतं. खरंखोटं त्याला कळत न्हाई.”

मी थेट नवऱ्याकडे गेले. शिदू माझा नवरा, स्वभावानं गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तो गाभाऱ्याबाहेर समया घासत होता. मी त्याला सगळं सांगितलं. झरा, मुळी, दोरा, घंटा. त्याचा हात समईवर थांबला तो थांबलाच.

“घाट वाजली तवा?” त्यानं विचारलं. “पाटलाचं पोर गेलं, तीच येळ?”

“व्हय. म्हनून तर म्हनते, ती खळ्यात नव्हती. मी साक्षीदार हाय.”

“आन ठकू तवापासनंच खायला लागली?”

“व्हय.”

तो आजूबाजूला बघून जवळ आला. “भिवरे, हे तोंडातनं काढू नगंस. लोक काय म्हनतील कळतंय का तुला? पाटलाच्या पोराचा जीव काढला आन आपल्या पोरीत घातला म्हनतील. हिकडं ह्यो पडला, तिकडं ही उठली. तू साक्ष न्हाई देनार, तू आपल्या पोरीला धरून देनार.”

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आता आलं, आणि जाईना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तसं झालं.

“मग तिचं काय?” मी म्हणाले.

“हाकलतील, फार तर. ती धनगराची, हितं न्हाई तर तिथं ऱ्हाईल.” तो पुन्हा समई घासायला लागला. “पोर पायजे का धनगरीन, तूच ठरीव.”

मी ठरवलं नाही. ठरवलं असतं तर आज निदान एका बाजूला उभी तरी असते. मी दिवसभर ते फक्त पुढं ढकललं. अंगण दोनदा झाडलं. वाती वळल्या, लागणार नव्हत्या तेवढ्या. नैवेद्यानंतर सांगू, असं म्हटलं. मग पाटील घरी गेल्यावर सांगू, असं म्हटलं. कारकून ब्राह्मण, ते आपलं आपण रांधून जेवायचे. दुपारी त्यांना चुलीला लाकडं हवी होती, ती घेऊन मीच गेले. धर्मशाळेच्या पडवीत ते एकटे होते. तांदूळ निवडत होते. मी लाकडं खाली ठेवली आणि उभी राहिले.

“काय हवंय बाई?” त्यांनी विचारलं. माणूस वाईट नव्हता. त्यानं हातातलं सूप खाली ठेवलं आणि खरंच वाट बघितली.

ठकू माझ्या पदराला धरून उभी होती. दहा दिवसांपूर्वी तिला बसता येत नव्हतं. कारकुनांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, “गुणी आहे. काय नाव गं तुझं?”

“काही नको महाराज,” मी म्हणाले आणि पोरीला उचलून परत फिरले.

तेराव्या दिवशी सकाळी पिशवी सोडली. लाख फोडताना कारकुनांनी शिक्का सगळ्यांना दाखवला, कुणी फेरफार केला नाही म्हणून. आत काय होतं ते मी सांगत नाही. त्याचा वास मात्र बायकांच्या ओळीपर्यंत आला.

“खोटी लागली!” हैबतराव पाटील ओरडले. त्या आवाजात समाधान नव्हतं. पोर त्याचंही गेलं होतं, आणि ते काही परत आलं नाही.

निवाडा सगळ्यांना ठाऊकच होता. चेटकिणीचे पुढचे दात पाडायचे, म्हणजे मंत्र नीट म्हणता येत नाही आणि लागत नाही, असं लोक मानत. मग शिवेबाहेर घालवायचं. पण कारकुनांनी हात वर केला.

“बाई, ही विद्या एकटीनं होत नाही. तुझ्याकडे कोण कोण येत होतं, कुणाकुणासाठी तू काय केलंस, ती नावं दे. मी तुझे दात राखतो. हातावर औषध लावून वस्तीवर पोचवतो. नावं दे फक्त.”

कोंडाईनं मान वर केली आणि पुन्हा आमच्याकडे बघितलं. दहाव्या दिवशी बघितलं होतं तसंच, पुढून मागपर्यंत, एकेक करून.

मी खाली बघितलं. भीतीनं मान वर होईना, म्हणून नजर तिरकी करून शेजारी पाहिलं. सुताराची सून खाली बघत होती. तिचा हात मांडीवरच्या मुलाच्या कमरेवर होता, करदोट्यावर. तिच्या पुढची माळीण खाली बघत होती. माळणीपलीकडच्या दोघी जावा, ज्यांचं आपसात पाणीसुद्धा चालत नव्हतं, दोघी खाली बघत होत्या. कुंभारीण मुलाला पदराआड ओढत होती. मी मान वळवली. मागं, पुढं, दीपमाळेच्या त्या बाजूला. रानवडीच्या चाळीस बायकांतली एकही वर बघत नव्हती. पाटलीणबाई मंडपाच्या खांबाशी बसल्या होत्या. सात वर्षं मूल नव्हतं, आणि मग बाळाजी झाला होता. त्यांनी पदर तोंडावर ओढला आणि उठून आत निघून गेल्या.

तेव्हा मला कळलं, की सभेत कोंडाईची नजर माझ्यावर थांबली नव्हती. ती प्रत्येकीवर तेवढीच थांबली होती.

“कोण येत होतं तुझ्याकडं?” कारकुनांनी पुन्हा विचारलं.

“कुनीच न्हाई,” कोंडाई म्हणाली.

दात दगडानं पाडले. मी ठकूचे कान झाकले, स्वतःचे झाकायला हात उरले नाहीत. मग तिला खिंडीपर्यंत नेऊन सोडलं. तिथून ती कोकणाकडे उतरली की दरीत, कुणाला ठाऊक नाही. आठवड्याच्या आत धनगरांनीही वस्ती हलवली.

त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. दुपारी आत्याबाईंनी ठकूला न्हाणीत नेलं. बऱ्याच वेळानं मी आत डोकावले, तर त्या पोरीच्या करदोट्यावरून बोट फिरवत बसल्या होत्या. नेमक्या त्या जागी, जिथं दोरा गुंतवला होता.

“तुमाला ठावं व्हतं?” मी विचारलं.

“शिदू दोन वर्साचा व्हता,” त्या म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. “असाच काटकुळा. त्याच झऱ्यावर गेले व्हते मी. लाकडं आनायला जाते म्हनून सासूला सांगितलं व्हतं.”

“मग सभंत का बोलला न्हाईत?”

“शिदूचा दोरा तुटला तवा तिनं आनखी सांगितलं व्हतं, दुसऱ्या कुनाच्याबी लेकराच्या कमरंला दोरा हाय तवर बोलायचं न्हाई. मी म्हनलं, मी बोलले आन ह्या पोरीचं औषध फिरलं तर?” त्यांनी ठकूच्या डोक्यावर पाणी ओतलं. “बाकीच्या सगळ्या त्येच म्हनत असतील, न्हाई का गं?”

मी हो म्हणाले. त्यांना मी ओवरीतलं बोलणं सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. ‘लेकरासाठी गप्प राहिले’ एवढ्या एका समजुतीवर त्या पुढची अकरा वर्षं जगल्या, आणि ती काढून घ्यायची माझी छाती झाली नाही. सुताराची सून तसंच समजून मेली, माळीण अजून तसंच समजते.

ठकूला आता तीन मुलं आहेत. अंगानं दणकट आहे, आवाज तर खिंडीपलीकडे ऐकू जावा असा. लोक म्हणतात, देवीनं तारली. मी मान हलवते.

त्या अंगणात औषध उलटेल म्हणून गप्प बसलेल्या चाळीस बायका होत्या. ते उलटत नाही हे ठाऊक असूनही गप्प बसलेली मी एकटीच होते, आणि बोलायला मला एक अख्खा दिवस मिळाला होता.